फाइल कोणाच्या नावावर आहे?

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला विक्री करणाऱ्यांच्या मेळाव्यात, तेही संगणकातल्या फाइली कुठे ठेवाव्यात यावर बोलायला का बोलावलं, असं काहींना वाटलं असेल. पण 'माझं' आणि 'तुझं' या दोन शब्दांचा नेमका अर्थ काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे, आणि आजचा विषयही फिरून फिरून तिथेच येतो. कुठल्या ॲपमध्ये किती जीबी फुकट मिळतात, हे तुमची नातवंडं माझ्यापेक्षा चटकन सांगतील. ते आकडे मीही सांगणार आहे, पण थोडे नंतर.

मार्केटिंग टीम म्हटलं की काचेच्या इमारतीतली माणसं डोळ्यांसमोर येतात. महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्या चार जणी ही मार्केटिंग टीमच आहे. भाजी निर्यात करणारी शेतकरी उत्पादक कंपनी, माहुलीच्या पायथ्याशी कृषी पर्यटन चालवणारं कुटुंब, मोगरा दादरला पाठवणारे शेतकरी, या सगळ्यांकडे कोणीतरी एक जण फोटो काढतो, दर कळवतो, ऑर्डर घेतो. आपल्याच शहापूरच्या वन धन केंद्रातल्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून ती डाबर, वैद्यनाथ, हिमालय अशा कंपन्यांपर्यंत नेली, हे 2021 च्या सुमारास सगळीकडे छापून आलं होतं. एवढा मोठा खरेदीदार समोर असला की नुसता माल चांगला असून भागत नाही. नमुन्याचे फोटो, परवान्याची प्रत, दरपत्रक, बँकेचा तपशील हे सगळं मागितल्याबरोबर द्यावं लागतं. आज मागितलं आणि परवा सापडलं, तर खरेदीदार दुसरीकडे जातो.

हे सगळं बहुतेकांकडे सध्या असतं कुठे? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. मी व्हॉट्सॲपला नावं ठेवणार नाही, निरोप द्यायला त्याच्यासारखं साधन नाही. पण ते टपालखातं आहे, कपाट नव्हे. पोस्टमन पत्र आणून देतो, ते जपून ठेवणं त्याचं काम नसतं. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवलात की तो आकसतो, त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलच्या आसपास उरते. छापखान्यात चांगल्या छपाईला एका इंचात 300 पिक्सेल धरतात. म्हणजे तो फोटो जेमतेम पाच-सव्वापाच इंच नीट छापता येतो. पापडाच्या पाकिटावर चालेल, पण कॅटलॉगच्या पूर्ण पानावर चेहरे पुसट दिसतील. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फोटो आहे तसा जातो, आणि 2022 पासून 2 जीबीपर्यंतची फाइल पाठवता येते. तरी ती पुढच्या वर्षी शोधायची कुठे? कोणाच्या तरी फोनमध्ये. फोन बदलला, हरवला, धरणात पडला, की संपलं.

त्यातून आवृत्त्यांचा घोळ. लेबलचं उदाहरण घ्या. त्यावर अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक लागतो, निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगची तारीख, पत्ता. यातलं काही बदललं की नवी फाइल होते, आणि तिचं नाव 'लेबल फायनल'. मग 'लेबल फायनल नवीन'. मग 'फायनल नवीन ताईंनी बघितलेलं'. ग्रुपवर वर सरकवत गेलं की तीनही दिसतात, आणि छापखानावाला हाताला लागेल ते छापतो. पाच हजार लेबलं जुन्या किमतीची आली की तो फटका एका हंगामाचा असतो.

म्हणून एक सामायिक कपाट हवं, सगळ्यांना एकच, ताजी प्रत दाखवणारं. त्यालाच क्लाउड म्हणतात. नावात आभाळ आहे, पण गोष्ट जमिनीवरची आहे. ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत, तिथल्या किंवा तसल्याच दुसऱ्या कुठल्या इमारतीत रांगेने ठेवलेल्या यंत्रांवर आपली फाइल असते. आपण फोनवरून तिच्याकडे बघतो, इतकंच.

आता ज्या गावात आपण बसलो आहोत त्या गावाकडे बघा. भातसानगर धरणामुळे वसलं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांच्या एकूण साठ्यातला जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसाचा. आणि याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. साठा दारात असला म्हणून तो आपला होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. साठवण एक गोष्ट आणि हक्क दुसरी. फाइलीचंही तसंच आहे, फक्त उलट्या बाजूने: फाइल सिंगापूरला असली तरी चालेल, हक्क कोणाचा ते आधी बघा.

हक्क कसा बघायचा? सातबारा बघता तसा. सातबाऱ्यावर भोगवटादाराचं नाव असतं आणि शेजारी इतर हक्कांचा रकाना असतो. बँकेचा बोजा, वाटेचा हक्क, विहिरीतला हिस्सा वगैरे तिथे लिहिलेलं असतं. प्रत्येक क्लाउड फाइलीला असाच सातबारा आहे. एक मालक, म्हणजे ओनर. आणि बाकीचे इतर हक्कवाले: हा फक्त बघू शकतो, हा शेरा लिहू शकतो, हा बदल करू शकतो. आपण गडबड करतो ती अशी, की आपल्याला फाइल उघडता येते म्हणून ती आपली आहे असं समजतो. वाट वहिवाटीची आहे म्हणून शेत आपलं म्हणण्यासारखंच ते.

समजा, गटाचं सगळं काम एक हुशार मुलगा करतो. बारावी झालेला, फोटो छान काढतो, इन्स्टाग्राम त्यालाच येतं. त्याने स्वतःच्या जीमेलवरून गुगल ड्राइव्हमध्ये फोल्डर केला आणि सगळ्यांना लिंक दिली. दोन वर्षं उत्तम चाललं. मग त्याला भिवंडीच्या गोदामात नोकरी लागली. भांडण नाही, काही नाही. त्याच्या मोबाइलची जागा भरली, म्हणून त्याने एका रात्री जुन्या फाइली पुसल्या. ट्रॅशमध्ये गेलेली फाइल 30 दिवसांनी आपोआप नष्ट होते. गटाला दिवाळीच्या ऑर्डरच्या वेळी कळतं की फोल्डर रिकामा आहे. यात त्या मुलाने चोरी केली का? अजिबात नाही. त्याने त्याच्या नावावरची वस्तू पुसली. सातबारा त्याचाच होता.

साधनांमधला खरा फरक इथे दिसतो, आणि जाहिरातीत तो कधी लिहिलेला नसतो. गुगलच्या फुकट, व्यक्तिगत खात्यांत नियम असा आहे की जो फाइल चढवतो तो तिचा मालक. फोल्डर तुमचा असला आणि त्यात मी माझ्या खात्यातून फोटो टाकले, तर फोटो माझेच राहतात आणि जागाही माझ्याच खात्यातली खातात. तुमच्या घरात माझं कपाट ठेवल्यासारखं. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये उलट आहे: तुमच्या फोल्डरमध्ये मी टाकलेली फाइल तुमच्या खात्यात धरली जाते. ड्रॉपबॉक्सच्या व्यक्तिगत खात्यांमध्ये तिसरीच तऱ्हा, सामायिक फोल्डरचं वजन प्रत्येक सभासदाच्या जागेवर पडतं. फुकटची जागा आहे 2 जीबी, आणि एकाने 3 जीबीचा फोल्डर सामायिक केला, तर दुसऱ्याला तो घेताच येत नाही.

आणि चौथा प्रकार म्हणजे खरीखुरी समाईक मालकी. गुगलच्या संस्थांसाठीच्या पगारी योजनेत शेअर्ड ड्राइव्ह असतो, आपल्याकडच्या झोहोच्या वर्कड्राइव्हमध्ये टीम फोल्डर असतो. तिथे फाइल माणसाच्या नावावर नसतेच, संस्थेच्या नावावर असते. माणूस सोडून गेला, त्याचं खातं बंद केलं, फाइल जागच्या जागी. एकत्र कुटुंबातली मिळकत आणि स्वकष्टार्जित मिळकत हा भेद आपल्याकडे घरोघर माहीत आहे, कोर्टात जाऊन जाऊन माहीत झालाय म्हणा. तोच भेद हा.

आता आकडे. गुगल 15 जीबी फुकट देतं, वनड्राइव्ह 5, ड्रॉपबॉक्स 2. गुगलच्या 15 मध्ये मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. जून 2021 पासून चढवलेले फोटोही त्यातच मोजले जातात. फोनवरचा एक फोटो 4 एमबी धरला तर 15 जीबीत पावणेचार हजारांच्या आसपास फोटो बसतात. पण चांगल्या फोनवर फोर-के व्हिडिओ काढलात तर एका मिनिटाला 300-400 एमबी सहज जातात, म्हणजे चाळीस-पन्नास मिनिटांत घर भरलं. आणि भरलं की काय होतं? नवीन मेल येणं बंद होतं. ऑर्डर मेलवर येत असतील तर हे फार महागात पडतं. व्हिडिओसाठी यूट्यूब आहे, तिथे चढवून 'अनलिस्टेड' ठेवा आणि मूळ प्रत हार्ड डिस्कवर काढा. ड्राइव्ह त्यासाठी वाया घालवू नका.

नेटवर्कचाही हिशेब करून बघा. दोनशे फोटो म्हणजे 800 एमबी. मुरबाडच्या आतल्या गावात चढवण्याचा वेग 2 एमबीपीएस मिळाला तर पाऊण ते एक तास लागतो, मध्ये लाइन तुटली नाही तर. उतरवण्याचा वेग आणि चढवण्याचा वेग सारखा नसतो, सिनेमा झरझर दिसतो म्हणून फोटोही झरझर चढतील असं नाही. अशा ठिकाणी ड्रॉपबॉक्स उजवं ठरतं. मोठ्या फाइलीत थोडासा बदल झाला तर ते पूर्ण फाइल पुन्हा न पाठवता बदललेले तुकडेच पाठवतं. लेबल आणि पोस्टरच्या जडशीळ डिझाइन फाइली रोज हाताळणारा कोणी असेल, त्याने याचा विचार करावा. दरपत्रकासारख्या हलक्या गोष्टींना गुगल शीट बरी, तिथे चार जण एकाच वेळी एकाच पानावर लिहू शकतात आणि 'फायनल नवीन' ही भानगडच उरत नाही.

इथे थोडं मागे जातो. आपल्या धर्मशास्त्रात कोर्टात येणाऱ्या वादांचे अठरा प्रकार मनुस्मृतीत मोजले आहेत. पहिला कर्जाचा. दुसरा कोणता असेल? ठेवीचा, निक्षेपाचा. माझी वस्तू विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवली, आता ती परत कशी मिळेल, हा माणसाचा इतका जुना आणि इतका रोजचा प्रश्न आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत आणि तिच्यावरच्या विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा टीकेत यावर बारीक विचार आहे. वारसाहक्काच्या खटल्यांमुळे मिताक्षरेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे ठेवीचे प्रकार वेगळे केलेत. दाखवून, मोजून दिलेली ठेव वेगळी. आणि पेटीत बंद करून, आत काय आहे ते न सांगता दिलेली ठेव वेगळी, तिला औपनिधिक म्हटलंय.

क्लाउडमध्ये नेमके हेच दोन प्रकार आहेत. गुगल, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांच्या साध्या खात्यांमध्ये फाइल कुलपात असते हे खरं, पण किल्ली कंपनीकडे असते. ती मोजून दिलेली ठेव. प्रोटॉन ड्राइव्ह किंवा मेगा यांसारख्या सेवांमध्ये फाइल तुमच्या यंत्रावरच बंद होऊन जाते, कंपनीला आत काय आहे ते दिसत नाही. ती मोहोरबंद पेटी. मोहोरबंद पेटी जास्त चांगली असं लगेच म्हणू नका. तिचा पासवर्ड हरवलात तर कंपनी इच्छा असूनही उघडून देऊ शकत नाही. नाचणीच्या पापडाचे फोटो जगाला दाखवण्यासाठीच काढलेले असतात, ते मोहोरबंद ठेवून उपयोग काय? ग्राहकांच्या नावांची आणि फोन नंबरांची यादी मात्र वेगळी गोष्ट आहे. ती लोकांची ठेव आहे, तुमच्याकडे दिलेली. 2023 मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला तो याचसाठी. तेवढी एक फाइल पासवर्ड लावून ठेवा. आणि सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रती मार्केटिंगच्या फोल्डरमध्ये असतील तर आज घरी गेल्यावर त्या काढा. पापड विकायला आधार कार्ड लागत नाही.

त्याच प्रकरणात आणखी एक गंमत आहे. ठेव नष्ट झाली तर ठेवून घेणाऱ्याने भरपाई द्यायची, पण राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोरांनी नेली, तर त्याच्यावर जबाबदारी नाही. राजा, दैव, चोर. कंपन्यांच्या अटी-शर्तींचं ते पन्नास पानी कलम आपण न वाचता 'मान्य' म्हणून दाबतो ना, त्याचा मथितार्थ या तीन शब्दांत येतो.

राजा म्हणजे सरकार. मे 2020 मध्ये, ऐन टाळेबंदीत, भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने वीट्रान्सफर ही फाइल पाठवण्याची सेवा देशात बंद करायला सांगितली. घरून काम करणारे डिझायनर, छापखानेवाले त्यावर विसंबून होते, त्यांना दुसरी वाट शोधावी लागली. त्याआधी जानेवारी 2012 मध्ये अमेरिकी सरकारने मेगाअपलोड बंद पाडलं. आरोप चोरीच्या सिनेमांचा होता, पण ज्यांनी आपले साधे कामाचे कागद तिथे ठेवले होते त्यांचेही अडकले.

दैव म्हणजे आग, पूर, आणि आता माणसाच्या हातून होणारी चूकही त्यात धरतो. मार्च 2021 मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळलं. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटऱ्यांमुळे आग लागली, आणि सरकारी नोकरांच्या कामाच्या फाइली ज्या क्लाउडवर होत्या तो 858 टेराबाइटचा साठा गेला. दुसरी प्रत नव्हती. कोरियासारखा देश, लक्षात घ्या. याउलट मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गुगल क्लाउडवरचं खातंच एका चुकीच्या मांडणीमुळे पुसलं गेलं. लाखो सभासदांना काही दिवस आपले हिशेब दिसेनात. पण फंडाने एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती, आणि त्यामुळे सगळं परत उभं करता आलं. दोन्हीकडे दैव ओढवलंच होतं. फरक दुसऱ्या प्रतीचा.

चोर तर तुम्हाला माहीत आहेतच. लिंक दाबा, ओटीपी सांगा.

स्मृतीत आणखी एक नियम आहे, तो मला आजच्या काळात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ठेवून घेणाऱ्याने मालकाला न विचारता ती ठेव स्वतःच्या फायद्याला वापरली, तर त्याला दंड, आणि ठेव व्याजासकट परत. जुलै 2025 मध्ये त्याच वीट्रान्सफरने आपल्या अटी बदलल्या आणि त्यातल्या एका वाक्यावरून लोकांना वाटलं की आपल्या फाइली वापरून कंपनी कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवणार. ओरड झाल्यावर कंपनीने तसं काही करत नसल्याचं सांगितलं आणि ते वाक्य बदललं. ओरड झाली म्हणून बदललं, हे बघा. तेव्हा अटींची पन्नास पानं वाचू नका, पण एक प्रश्न विचारून एवढंच शोधा: माझी ठेव हे स्वतःसाठी वापरणार का?

लिंकबद्दल दोन शब्द. लिंक दोन प्रकारची. एक 'ज्याच्याकडे लिंक आहे तो', हे आसनगावहून काढलेलं लोकलचं साधं तिकीट. ज्याच्या हातात, तो बसला. दुसरी विशिष्ट मेल पत्त्यालाच दिलेली, ते नावानिशी आरक्षित तिकीट. कॅटलॉग, फोटो, दरपत्रक यांना साधं तिकीट ठीक आहे, फक्त 'बघण्यापुरतं' ठेवा. बदल करायचा हक्क मात्र नेहमी नावानिशी द्या. घाऊक आणि किरकोळ दर एकाच शीटमध्ये असतात आणि त्याची साधी लिंक ग्रुपवरून ग्रुपवर फिरत किरकोळ ग्राहकापर्यंत जाते, असं झालं की मग भाव सांगताना तोंड लपवावं लागतं. दोन शीट करा.

मग घ्यायचं काय? पाच-सात जणांच्या गटाला मी आज पगारी योजना घ्या म्हणणार नाही. संस्थेच्या नावाने एक जीमेल खातं काढा, आणि सगळ्या मूळ फाइली त्याच खात्यातून चढवा, आपापल्या खात्यातून नाही. त्याला जोडलेलं सिम संस्थेचं हवं, आणि त्याचं रिचार्ज चुकवायचं नाही. रिचार्ज न केलेलं सिम काही महिन्यांनी बंद होतं, पुढे तोच क्रमांक दुसऱ्या कोणाला मिळतो, आणि मग ओटीपी त्याच्याकडे जातो. बँकेत जशा दोघींच्या सह्या चालतात तसा पासवर्ड दोघींकडे असावा. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली की गुगल दहा बॅकअप कोड देतं. ते छापून पाकिटात घाला, पाकिटावर सही करा आणि गटाच्या पेटीत ठेवा. खातं दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर गुगल ते पुसू शकतं, डिसेंबर 2023 पासून तसा अंमल सुरू झालाय. हंगामी काम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

दर महिन्याला सगळा फोल्डर उतरवून एका हार्ड डिस्कवर घ्या. ती डिस्क कार्यालयात नको, खजिनदाराच्या घरी असू दे. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने तीन-दोन-एक असा ठोकताळा सांगितलाय: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. इतकं काटेकोर जमलं नाही तरी दुसरी प्रत हवीच.

गट मोठा झाला, पंधरा-वीस माणसं आली-गेली, पगारावर कोणी ठेवलं, की मात्र शेअर्ड ड्राइव्ह किंवा टीम फोल्डरवाली योजना घ्या. तो खर्च जागेसाठी नसतो, मालकीसाठी असतो. तुमचा नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा कलम 8 ची कंपनी असेल तर गुगलची ना-नफा संस्थांसाठीची मोफत योजना आधी तपासा. स्वतःचा सर्व्हर बसवून नेक्स्टक्लाउड चालवा असा सल्ला एखादा अभियंता देईल. तत्त्व म्हणून मला तो फार आवडतो, पण पावसाळ्यात इथली वीज बघितलीय मी. तो नाद सध्या नको.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, फुकट देणारी कंपनी उद्या पैसे मागायला लागली तर?

मागेल. गुगलने फोटोंच्या बाबतीत 2021 मध्ये तेच केलं, आणि ड्रॉपबॉक्सने 2023 मध्ये आपली 'हवी तेवढी जागा' असलेली व्यावसायिक योजना बंद केली. फुकट किंवा अमर्याद हे शब्द कायमचे नसतात. तुमच्याकडे हार्ड डिस्कवर प्रत असेल तर तुम्ही बाडबिस्तरा उचलून दुसरीकडे जाऊ शकता. नसेल तर मागतील ते द्यावं लागेल. साधन निवडताना आत कसं जायचं हे सगळे दाखवतात, बाहेर कसं पडायचं हे तुम्ही विचारा: एका झटक्यात सगळं उतरवता येतं का? गुगलमध्ये टेकआउट नावाची सोय आहे, ती एकदा वापरून बघा.

प्रश्न: आमच्या गटात अगदी हेच झालंय. मुलगा सोडून गेला, फाइली त्याच्या जीमेलवर आहेत. अजून पुसलेल्या नाहीत.

मग उशीर झालेला नाही. आधी आज संध्याकाळी तुम्हाला दिसतंय ते सगळं उतरवून घ्या, बघण्याचा हक्क आहे तोवर. मग त्याला फोन करा, आणि गोडीने करा, त्याने दोन वर्षं फुकट काम केलंय. त्याला सांगा की शेअरच्या खिडकीत संस्थेच्या खात्यासमोर मालकी हस्तांतराचा पर्याय आहे, तो दाबायचा. मग तुमच्याकडे मेल येईल, तो स्वीकारायचा. नुसता फोल्डर हस्तांतरित झाला म्हणजे आतल्या फाइलीही झाल्या असं धरू नका. दोन-चार फाइली उघडून मालकाचं नाव वाचा. ज्या फाइलींचं हस्तांतर होत नाही त्या संस्थेच्या खात्यातून नव्याने चढवा. इन्स्टाग्राम आणि गुगल मॅपवरचं दुकानाचं पान कोणाच्या नावावर आहे तेही त्याच फोनवर विचारून घ्या. गोदामात पाळी असेल तर दिवसा उचलणार नाही, रात्री नऊनंतर लावा.